धक्क्यावरची परीक्षा : खऱ्या कामातून मूल्यमापन कसं करायचं

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. त्यावर चाचणी घेतली की सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या आमच्या शाळेतल्या मुलांना बरे गुण पडतात. 'उधाणाची भरती केव्हा येते?' याचं उत्तर 'अमावास्या व पौर्णिमेस' असं सगळा वर्ग लिहितो. काही वर्षांपूर्वी अशी एक चाचणी तपासून झाल्यावर मी पहिल्या आलेल्या मुलीला सहज विचारलं, "उद्या दुपारी तुझी आई कालवं काढायला जाईल का गं?" (कालवं म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपांवरचे, खडकांवरचे, खाण्याचे शिंपले.) ती म्हणाली, "जातली." "कशावरून?" ती गप्प. मागच्या बाकावरून एक जण बोलला, "बाई, उद्या नवमी. भांग आसा. खडपां उघडीच पडनत नाय."

त्याला त्या चाचणीत वीसपैकी सात होते.

त्याच्या पेपरात मी काही चुकीचं तपासलं नव्हतं. 'भांगाची भरती' (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती, तेव्हा पाणी फारसं उतरतही नाही) या शब्दासमोर त्याने खरंच काही लिहिलं नव्हतं, कारण पुस्तकातला तो शब्द आणि आजोबांच्या तोंडचा 'भांग' हे एकच, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. त्यानंतर मी मूल्यमापनाची पद्धत हळूहळू बदलत गेले. प्रशिक्षणात याला ऑथेंटिक असेसमेंट म्हणतात. मी खऱ्या कामातून मूल्यमापन म्हणते. ज्ञान जिथे माणसं वापरतात तिथलंच एखादं छोटं काम मुलाला द्यायचं, ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं बघायचं, आणि चांगलं काम कशाला म्हणायचं ते आधी ठरवायचं. बाकी सगळा तपशील. पण मार बसतो तो तपशिलातच, म्हणून हा लेख.

आधी एक शंका दूर करते. 'आम्हाला चाचण्या आणि गुणनोंदीतून वेळच कुठे?' असं शिक्षक म्हणतात, मीही म्हणायचे. पण शिक्षण हक्क कायदा २००९ नंतर राज्यात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हाच ही जागा करून ठेवलेली आहे. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे शिकता शिकता चालणारं, ७० गुणांचं आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटचं, ३० चं, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. आकारिकच्या साधनतंत्रांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे सगळं आहे, लेखी चाचणी त्यातलं फक्त एक. आपण बहुतेक जण गुण चाचणी आणि स्वाध्यायावर देतो आणि बाकीचे रकाने मार्चअखेर एका बैठकीत भरतो. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मोबाईलवर फिरतात, त्यातून 'वर्गात उत्साहाने सहभागी होतो' हे वाक्य अठ्ठावीस मुलांपुढे डकवतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधलं समग्र प्रगतीपत्रक आलं तरी रकाने असे भरले तर काही फरक पडायचा नाही.

पहिलं काम : उपक्रम नव्हे, अध्ययन निष्पत्ती निवडा

आपली गाडी इथेच उलटी सुरू होते. 'मासळी बाजाराला भेट देऊ या' असं आधी ठरतं आणि मग त्यात काय तपासायचं ते शोधलं जातं. भेट छान होते, फोटो निघतात, गुण मात्र नीटनेटक्या अहवालाला मिळतात, म्हणजे अक्षराला.

उलट करा. एक निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं ते, घ्या, एकच. माझी होती : मूल भरती-ओहोटीची वेळ का आणि कशी बदलते ते सांगू शकतं. मग स्वतःला विचारा, आपल्या गावात हे ज्ञान कुणाला लागतं? कशासाठी? भरतीची वेळ आमच्याकडे होडीवाल्यांना लागते, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांना लागते, आणि ओहोटीला खडपावर कालवं काढायला जाणाऱ्या बायांना लागते. त्या आठवड्याची कामं त्यावर बेततात. म्हणून काम ठरलं : *येत्या आठ दिवसांत दिवसाउजेडी ओहोटी किती वाजता असेल, याचं वेळापत्रक करून वाडीतल्या कालवंवाल्या बायांना द्या.*

काम एका वाक्यात सांगता येत नसेल तर ते मोठं आहे. छाटा. आणि त्या वाक्यात 'कुणासाठी' हे नसेल तर तो नुसता प्रकल्प आहे.

निकष मुलांकडून काढा

मी फळ्यावर विचारलं, "असं वेळापत्रक तुमच्या आईच्या हातात दिलं तर ती काय बघेल?" उत्तरं आली : वेळ बरोबर हवी. तारीख आणि तिथी दोन्ही हव्यात, कारण आजी तारीख बघत नाही. लांबून वाचता यायला हवं. एक मुलगी म्हणाली, "आणि चुकला तर कोणाक इचारूचा ता लिवलेला व्हया." हे मला सुचलं नसतं.

हेच चार निकष झाले. मी फक्त चौथ्याचे शब्द फिरवले : वेळ कशी काढली ते विचारणाऱ्याला समजावता येतं का. प्रत्येक निकषाला तीन पायऱ्या ठेवल्या, मुलांना कळतील अशा :

हात धरावा लागतो.
आपलं आपण करतो.
आपली चूक आपण शोधतो.

पाच-सहा पायऱ्यांचे तक्ते मी पूर्वी केले होते. 'बऱ्यापैकी' आणि 'समाधानकारक' यांतला फरक मलाच सांगता येईना, तर मुलांना काय कळणार. तीन पुरतात. तिसरी पायरी 'उत्कृष्ट' न ठेवता 'चूक शोधतो' अशी ठेवली की हुशार मुलं घाबरतात, कारण त्यांना चुकायची सवय नसते. ते बरंच आहे.

निकष कागदावर लिहून काम सुरू होण्याआधी भिंतीला लावा. नंतर लावले तर त्याचा उपयोग शून्य.

काम शाळेच्या वेळेत, नजरेसमोर

माझी पहिली खेप फसली ती यामुळे. त्या वर्षी 'किनाऱ्यावरील दीपगृह' असं काहीतरी घरून करून आणायला सांगितलं होतं. सोमवारी वर्गात थर्मोकोलची अकरा दीपगृहं आली, त्यातली तीन एकाच दुकानातली. एकाच्या तळाला किमतीचं लेबल तसंच होतं. मी कुणाचं मूल्यमापन करत होते? आईबापांचं, आणि थोडं दुकानदाराचं.

आता घरी फक्त विचारून यायचं काम देते. करायचं ते वर्गात किंवा धक्क्यावर.

धक्क्यावर जायचं तर थंडीत जा, डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात समुद्राजवळ वर्ग न्यायचा नाही, हा नियम मी स्वतःपुरता मोडत नाही. जाण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी कळवा, शाळा व्यवस्थापन समितीतले एक-दोन पालक सोबत घ्या. पाण्यात कुणी उतरायचं नाही.

आम्ही धक्क्याच्या खांबाला एक बांबू बांधला, त्यावर दर दहा सेंटिमीटरला ऑइल पेंटची रेघ. पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने पाणी कुठे आहे ते वाचलं. त्यानंतर रोज दोघा-दोघांची जोडी मोठ्या माणसाबरोबर ओहोटीच्या अंदाजे वेळेआधी जायची आणि पाणी खाली जायचं थांबून परत चढायला लागतं ती वेळ टिपून यायची. पहिले सहा दिवस मोजायचं, सातव्या दिवशी पुढच्या आठवड्याचा अंदाज लिहून द्यायचा, मग पुन्हा मोजायचं.

खरी मजा इथे आली. पुस्तकातून मुलांना ठाऊक होतं की भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. बऱ्याच जणांनी रोज पन्नास मिळवून तक्ता करून टाकला. आजोबांना विचारून आलेल्यांनी पाऊणपटीचा हिशेब आणला : तिथीला पाऊणने गुणा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. दोघांचीही वेळ चुकली. पन्नासवाले चार-पाच दिवसांत पाऊण तासाने भरकटले. पाऊणपटवाले तर पहिल्याच दिवशी तासाभराने.

मी उत्तर दिलं नाही. (देववत नव्हतं असं नाही. तीन वेळा तोंडापर्यंत आलं होतं.) एका मुलाने आजोबांनाच जाऊन धरलं, तेव्हा ते म्हणाले, "ता गणित मुंबयकडचा. हयसर पाणी आदी भरता." बरोबरच आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे सिंधुदुर्गात ती मुंबईच्या आधी येते. आणि पन्नास मिनिटं ही सरासरी आहे. उधाणाच्या दिवसांत वेळ रोज त्याहून कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त. आमची मोजणी पौर्णिमेच्या सुमारास सुरू झाली होती, म्हणून आमच्या तक्त्यात आधी चाळीसच्या आसपास फरक दिसत होता आणि पुढच्या आठवड्यात तो तासावर गेला.

तपासणी समुद्राने केली, मी नाही. खऱ्या कामाचं हेच सोयीचं असतं. 'बाई, बरोबर आहे का?' हा प्रश्न कमी होतो, कारण बरोबर की चूक ते उद्या दुपारी कळणारच असतं.

टिपायचं कसं

अठ्ठावीस मुलं, एक शिक्षक, आणि त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मध्येच आलेला फोन. सगळ्यांना रोज बघू म्हटलं तर कुणालाच बघणं होत नाही. माझी रीत अशी : हजेरीपटाच्या क्रमाने रोज पाच मुलं. त्या दिवशी फक्त त्यांच्याकडे लक्ष. एका कागदावर पाच चौकोन, चौकोनात एक-दोन वाक्यं, तिथल्या तिथे. सहा दिवसांत वर्ग पुरा होतो.

वाक्य कसं लिहायचं यावर सगळं अवलंबून आहे. 'निरीक्षण चांगले करतो' ही नोंद कामाची नाही. त्यापेक्षा हे बघा : 'पाणी थांबलं की नाही यावर जोडीदाराशी वाद. दहा मिनिटं थांबून परत वाचलं. दोन वेळा लिहिल्या आणि मधली धरली.' हे वाचून तीन महिन्यांनी मला ते मूल डोळ्यांसमोर दिसतं, आणि पालकाला सांगताही येतं. नियम एवढाच की मुलाने *काय केलं* ते लिहायचं, ते *कसं आहे* ते नाही.

तीन प्रश्न

काम गटात झालं की एक मूल करतं आणि तिघं बघतात. हे टळत नाही. त्यावर इलाज म्हणजे शेवटी प्रत्येकाला एकटं बोलावून तीन प्रश्न, दोन मिनिटांत :

हे कसं काढलंस?
कुठे अडलास?
उद्याच्या ऐवजी अमावास्येचं सांगायचं असतं तर काय बदललं असतं?

तिसरा महत्त्वाचा. पाठ केलेलं पहिल्या दोनांत खपून जातं, तिसऱ्यात खपत नाही. उत्तर मालवणीत आलं तर मालवणीत घ्या. मी इथे भूगोल तपासतेय, प्रमाण भाषा नाही. मराठीच्या तासाला प्रमाण भाषा बघेन, तेव्हा तसं आधी सांगेन. एका कामात दोन गोष्टी मोजल्या की दुबळी बाजू दुसरीला खाली ओढते, आणि आपल्याला वाटतं मुलाला काहीच येत नाही.

गुण

सातवीच्या आकारिकच्या चाळीसांतले दहा मी याला ठेवले. चार निकषांना दोन-दोन, तोंडी प्रश्नांना दोन. हात धरावा लागला तर एक, आपलं आपण केलं तर दीड, चूक शोधली तर दोन. नोंद 'प्रकल्प' आणि 'तोंडी काम' या साधनतंत्रांखाली विभागून जाते. अंदाज चुकला म्हणून गुण कापू नका. अंदाज चुकला आणि कळूनही तसाच ठेवला, तर कापा. आणि दुरुस्त करायची एक संधी द्या. बाहेर कामात चुकलं तर माणूस दुरुस्तच करतो. आपल्याच पेपरात ती सोय नसते.

वेळापत्रकं वाटली तेव्हा एका काकीने मुलीला सांगितलं, "बाय गो, अक्षरां मोठी काढ, माका चष्मो नाय." आमच्या तिसऱ्या निकषाचे गुण तिने तिथेच दिले.

हे सगळ्यांना सारखं सोपं नसतं

किनाऱ्यावरच्या शाळेत सगळी मुलं दर्यावर वाढलेली असतात असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्या वर्गात आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातला एक मुलगा होता. त्याला तिथी म्हणजे काय इथपासून सुरुवात होती. होडीवाल्याच्या मुलाला हे काम अर्धं घरातच झालेलं. मग खरं काम कुणासाठी खरं? याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. मी दोन गोष्टी करते. पहिली, गरजेची माहिती सगळ्यांना आधी वर्गात देते, तिथी, पंधरवडा, शब्द सगळं, म्हणजे घरच्या ज्ञानाची परीक्षा होत नाही. दुसरी, वर्षातली कामं वेगवेगळ्या घरांतून निवडते. एक समुद्राचं असेल तर एक बागेचं, एक दुकानाचं, एक एस.टी.चं. त्या मुलाने पुढे आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाच्या कामात, कितीचं फळ, किती डझनांची पेटी, एका पेटीमागे सुटतं किती, सगळ्यांना मागे टाकलं.

आणखी काही कामं, थोडक्यात

चौथी, गणित. मासळीच्या वाट्यांचा, म्हणजे विकायला लावलेल्या ढिगांचा, व्यवहार. 'पाच वाट्यांची बांगड्यांची टोपली ५०० रुपयांना घेतली. वाटा १२० ला लावलाय. गिऱ्हाईक शंभरला मागतं. देशील?' शंभर म्हणजे मुद्दल, सुटत काही नाही, हे सांगणारं मूल गणितात पास. पण एक मुलगी म्हणाली, "सांज झाली आसात तर देयन, बर्फ संपलो." हे उत्तर पुस्तकात नाही, आणि चूकही नाही. कारण सांगता आलं की पूर्ण गुण द्या. मासे आणायची गरज नाही, खडे चालतात.

पाचवी, मराठी. अर्जलेखन. काल्पनिक मुख्याध्यापकांना काल्पनिक रजेचा अर्ज लिहिण्यापेक्षा खरा अर्ज लिहा. आम्ही सकाळच्या एस.टी.ची वेळ पंधरा मिनिटं आधी करावी म्हणून आगाराला लिहिला. निकष एकच : वाचणाऱ्याला काय करायचं ते पहिल्या चार ओळींत कळतं का? सगळ्यांचे मसुदे वर्गात वाचले, मुलांनीच एक निवडला, पोस्टात टाकला. उत्तर दीड महिन्याने आलं, 'विषय विचाराधीन आहे'. 'विचाराधीन' शब्दाचा अर्थ मात्र सगळ्यांच्या कायम लक्षात राहिला.

दुसरी. फार काही नको. वर्गात दुकान मांडा, दहाची नोट द्या, मोड परत घ्यायला सांगा आणि बघत बसा.

द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र असतात, तिथे एकच काम वेगवेगळ्या खोलीने द्या. त्यासाठी मला सगळ्यात सोयीचं वाटलेलं काम पावसाचं, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी जूनमध्ये तेच घ्यावं. खर्च शून्य, बाहेर कुठे जायचं नाही, पाऊस आपणहून येतो.

सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्या. निमुळता भाग जिथे सुरू होतो तिथे कापा, वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळाला खडे आणि थोडं पाणी घालून जिथे बाटली सरळ होते तिथे शून्याची रेघ मारा, त्यावर मोजपट्टी चिकटवा. उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा पागोळीखाली नको. रोज सकाळी साडेआठला वाचा आणि शून्यापर्यंत रिकामी करा. हवामान खातंही त्याच वेळी मोजतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून बघता येतं. तिसरी-चौथीने वाचायचं आणि लिहायचं. पाचवी-सहावीने आलेख काढायचा. सातवी-आठवीला प्रश्न : शाळेच्या छपरावर पडलेलं पाणी टाकीत किती जमेल? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. साठ चौरस मीटरच्या छपरावर ८० मिलिमीटर पडला तर ४,८०० लिटर. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिलात वाडीवर टँकर येतो, त्यामुळे हा हिशेब मुलांना खोटा वाटत नाही. निकाल ऐकायला ग्रामपंचायत सदस्याला बोलवा. तो आला नाही तर सरपंचबाईंना बोलवा.

हिशेबातलं पाणी आणि टाकीतलं पाणी जुळणार नाही. पन्हळ गळते, पहिला पाऊस कौलं पितात, थोडं वाऱ्याने उडतं. किती टक्के गेलं आणि कुठे गेलं हे शोधायला लावा, तिसरी पायरी तिथेच दिसते. त्यासाठी टाकी उघडून पातळी मोजावी लागते. झाकणाची चावी आदल्या दिवशीच मागून ठेवा. आमच्याकडे ती ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे असते, आणि ज्या दिवशी १४० मिलिमीटर पडला त्या दिवशी तो भावाच्या लग्नाला गेला होता.